दीडशे रुपयांची लालपरी

कोरेगावच्या एका मुलाने गेल्या आठवड्यात मला एक फाइल पाठवली. 'युरो ट्रक सिम्युलेटर २' या गाडी चालवायच्या गेमसाठी त्याने आपली साधी लाल एसटी बनवली आहे. मूळ गेममध्ये खेळणाऱ्यांनी स्वतः बनवून घातलेल्या अशा भरीला मॉड म्हणतात. सोबत लिहिलं होतं, "दादा, बारावीत आहे. आठ महिने खपून केली. ग्रुपवरची पोरं म्हणतात दीडशे रुपये ठेव, लगेच घेतो. घेऊ का? का मॉडचे पैसे घेणं चुकीचं असतं? केस वगैरे होते का?"

फोनवर अर्धं सांगून झालं तेवढ्यात त्याच्या क्लासची वेळ झाली. उरलेलं लिहूनच काढतो, कारण दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी हेच विचारतं आणि मी दर वेळी निम्म्यातच थांबतो.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी साताऱ्यात बिल्डर लोकांसाठी थ्रीडी वॉकथ्रू, म्हणजे न बांधलेल्या इमारतीतून फिरवून आणणारे व्हिडिओ करतो, पोट त्यावर चालतं. मॉडचा नाद त्याच्याही आधीचा. २००८ ला पहिली आयपीएल झाली त्या उन्हाळ्यात मी 'क्रिकेट ०७'मधल्या खेळाडूंना नव्या संघांच्या जर्सी चढवत बसलो होतो. तो गेम काढणाऱ्या ईए कंपनीने नंतर त्या मालिकेतला गेम काढलाच नाही, पोरांनीच जर्सी आणि संघ बदलत तो एक गेम वर्षानुवर्षं जगवला. मग जीटीए आलं, मग ट्रक आले. खंबाटकी घाटाचा तुकडा नकाशात बसवला तेव्हा बोगदा चुकून पुण्याहून येणाऱ्या बाजूला टाकला होता. त्यावरून खाल्लेल्या शिव्या अजून आठवतात. सांगायचं इतकंच की या धंद्यात फुकटही वाटलं आहे, पैसेही घेतले आहेत आणि घेतलेले परतही केले आहेत.

तर उत्तर. ही फाइल, आज आहे तशी, विकू नकोस. पण 'मॉडरने पैशाचं नावच काढू नये' म्हणणाऱ्यांचंही मनावर घेऊ नकोस. का, ते तुझीच फाइल उघडून दाखवतो.

तुझी .एससीएस फाइल म्हणजे शेवटी झिपच, त्यामुळे सेव्हन-झिपने उघडली आणि मॉडेल ब्लेंडर या थ्रीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलं. बॉडी तुझी आहे हे बघताक्षणी कळतं, कारण चुकाही तुझ्याच आहेत. मागची कॅरिअरची शिडी एका बाजूला बोटभर जास्त वर गेली आहे. सरकत्या काचांच्या खाचा, वरची मार्गाची पाटी, कंडक्टरच्या घंटीची दोरी, हे सगळं हाताने केलेलं आहे आणि मस्त केलेलं आहे. दोरीला मध्ये जो झोळ दिलास तो मला सुचला नसता. इथवर शाबासकी.

मग ड्रायव्हरच्या सीटवर कॅमेरा नेला. डॅशबोर्ड गेममधल्या ट्रकचा आहे. तू रंग बदललास, दोन घड्याळं काढलीस, पण मटेरियलच्या नावात ट्रकचं नाव तसंच राहिलंय, आणि आपल्या एसटीत तसली बटणांची रांग मी तरी कधी पाहिली नाही. मग चाकं पाहिली. टायरचं टेक्स्चर, म्हणजे त्यावर गुंडाळलेलं चित्र, चारशे टक्के मोठं करून खालच्या उजव्या कोपऱ्यात बघ. करड्यावर करड्या रंगात कुणाची तरी सही आहे, तीन अक्षरं आणि साल. ती तुझी नाही. हॉर्न ऐकला. त्यात मागे कुणीतरी "ए सरक की" म्हणतंय, म्हणजे कुठल्यातरी व्हिडिओतून कापलेला. आणि पुढे महामंडळाचं बोधचिन्ह, जाळीवर चासीच्या कंपनीचा लोगो.

म्हणजे दीडशे रुपयांच्या गाडीत तुझ्याशिवाय निदान पाच जण बसले आहेत. त्यांच्यातल्या कुणालाच तू विचारलेलं नाहीस. फुकट वाटत होतास तोवर हे चालून गेलं. मॉडच्या जगात असंच चालतं, एकाची चाकं, दुसऱ्याचा आवाज, वर्णनात नाव टाकलं की झालं. ही उसनवारी वाड्यातल्या साखरेच्या वाटीसारखी आहे. पण शेजारच्या साखरेचे लाडू करून तू दुकानात मांडलेस की शेजारीण विचारायला येणारच.

असं जगजाहीर होऊन झालेलं आहे. २३ एप्रिल २०१५ ला व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम या आपल्या गेमच्या ऑनलाइन दुकानात 'स्कायरिम' या गेमचे मॉड पैसे घेऊन विकायची सोय सुरू केली. किमतीतले २५ टक्के मॉड करणाऱ्याला, ३० टक्के व्हॉल्व्हला आणि ४५ टक्के गेमच्या कंपनीला, बेथेस्डाला. वर मॉडरचा वाटा शंभर डॉलर झाल्याशिवाय हातात काही पडणार नाही. पहिल्याच खेपेला विक्रीला आलेला एक मासेमारीचा मॉड लगेच खाली घ्यावा लागला, कारण त्यात ज्या दुसऱ्या मॉडरच्या ॲनिमेशनचा आधार होता, त्याला हा विक्रीचा प्रकार मान्य नव्हता. लोकांनी इतका गोंधळ घातला की २७ तारखेला सगळी सोयच गुंडाळली. चार दिवस. लोक २५ टक्क्यांवर चिडले असं नेहमी सांगितलं जातं, आणि तो आकडा चीड आणणारा होताच. पण माझ्या मते खरा गुंता त्या ॲनिमेशनचा होता. एकमेकांच्या खांद्यावर उभं राहून बांधलेली दहीहंडी ती. वरच्याने मडकं फोडून लोणी एकट्याने घेतलं की खालचा थर बसून घेतो.

आता तू म्हणशील, "बरं, डॅशबोर्ड स्वतःचा करतो, चाकं स्वतःची करतो, मग तर माझंच ना सगळं?" बरंचसं तुझं. सगळं नाही. याचा जुना निकाल आहे आणि तो वाचून मी स्वतः गार पडलो होतो. 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी' या गेमसोबत लेव्हल बनवायचं साधन मिळायचं. लोकांनी लेव्हल बनवून इंटरनेटवर फुकट ठेवल्या. मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने त्यातल्या तीनशे गोळा करून सीडीवर भरल्या आणि दुकानात विकल्या. कोर्टात त्यांचं म्हणणं असं की या फाइलींमध्ये गेमचं एकही चित्र नाही, फक्त कुठे भिंत, कुठे दार याच्या सूचना आहेत. अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने १९९८ मध्ये सांगितलं की सूचना असल्या तरी त्या त्याच गेमच्या गोष्टीचा पुढचा भाग बनवतात, आणि पुढचा भाग काढायचा हक्क मूळ मालकाचा. साधनाच्या परवान्यातच लिहिलेलं होतं की लेव्हल वाटा, पण फुकट वाटा. बसचं मॉडेल म्हणजे लेव्हल नव्हे, त्यामुळे हा निकाल तुला जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणत नाही. पण 'माझ्या फाइलीत गेमचं काहीच नाही' हे वाक्य वाटतं तितकं मजबूत नाही, एवढं त्यातून घे.

त्यामुळे पैशाचा विचार करायच्या आधी गेमचा परवाना उघडायचा. तोच, जो आपण सगळे न वाचता 'मान्य' करतो. त्यात 'मॉड' आणि 'कमर्शियल' हे दोन शब्द शोधायचे आणि आजूबाजूचे परिच्छेद वाचायचे. प्रत्येक घराची रीत वेगळी असते. माइनक्राफ्टवाले म्हणतात, तू शून्यातून बनवलेला मॉड तुझा, त्याचं काहीही कर, फक्त विकू नकोस. त्यांनी विक्रीचा रस्ता वेगळा काढलाय, २०१७ पासूनचं त्यांचं स्वतःचं मार्केटप्लेस, तिथे त्यांनी पारखून घेतलेलेच लोक विकतात. 'सिम्स ४'साठी ईए म्हणते की मॉड विकायचा नाही, पण देणगी चालेल, आणि पैसे देणाऱ्यांना थोडे दिवस आधी दिला तरी चालेल, मात्र वाजवी मुदतीनंतर तो सगळ्यांना फुकट मिळाला पाहिजे. बेथेस्डाने २०१५ चा चटका बसल्यावर २०१७ मध्ये 'क्रिएशन क्लब' काढला, त्यात तेव्हा कंपनीच काम द्यायची, कंपनीच विकायची. जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारची कथा सगळ्यात मजेशीर. त्यांच्या मूळ कंपनीने टेक-टूने २०२२ मध्ये व्हीआरचे, म्हणजे डोळ्यांवर गॉगल चढवून खेळायचे, मॉड मासिक वर्गणीवर देणाऱ्या एकाला नोटीस देऊन जीटीए वगैरेंचे मॉड काढायला लावले. आणि २०२३ मध्ये रॉकस्टारने फाइव्हएम हा जीटीएचा ऑनलाइन मॉड चालवणारी मंडळीच विकत घेतली, ज्यांच्या सर्व्हरांवर मॉडचाच बाजार चालतो. दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या.

केसचं विचारलंस. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम 'साहित्यकृती'त धरला जातो आणि त्यात फेरफार करून नवं रूप काढायचा हक्क मालकाकडे असतो. कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. घाबरू नकोस, पुढचं वाच. त्याच कलमात असंही आहे की हे काम धंद्यातल्या नफ्यासाठी केलेलं नसेल, तर कोर्ट कारणं नोंदवून त्याहून कमी शिक्षा देऊ शकतं. म्हणजे पैसे घेतले की नाही, याने खुद्द कायद्यात फरक पडतो. व्यवहारात मात्र दीडशे रुपयांसाठी युरोपातली कुठलीही कंपनी कोरेगावच्या कोर्टात येणार नाही. होतं ते असं: एक ईमेल येतो, फाइल उडते, कधी खातंही उडतं. आठ महिने एका रात्रीत जातात आणि ज्यांनी पैसे दिले ते तुझ्या दारात.

लोगोचं दोन ओळीत. तो ट्रेडमार्कचा, १९९९ च्या कायद्याचा विषय. आपला 'युरो ट्रक २' २०१२ ला आला तेव्हा त्यात मर्सिडीज 'मॅजेस्टिक' नावाने आणि व्होल्वो 'व्हॅलिअंट' नावाने धावत होती. गेम बनवणाऱ्या कंपनीने जिथे असली नाव लावलं नाही, तिथे तू आणि मी ते लावून पैसे घेणार? जाळीवरचा लोगो काढ. पैसे घ्यायचे असतील तर महामंडळाचं बोधचिन्हही काढ. रंग आणि पाटी बघून एसटी कुणालाही ओळखू येते.

आता माझी फजिती. ती सांगितल्याशिवाय हे सगळं कोरडं वाटेल.

२०१९ च्या दिवाळीत मी हिरकणी बनवली. हिरवी-पांढरी, निमआराम. तीन महिने रात्री जागून केली होती, आणि मलाही वाटलं की का नाही घ्यायचे पैसे? दोनशे रुपये ठेवले. फाइलला लॉक लावलं, क्यूआर टाकला, पैशाचा स्क्रीनशॉट आला की लिंक पाठवायची. पहिल्या तीन दिवसांत एकवीस जण. मी बायकोला पेढे आणले. चौथ्या दिवशी तीच गाडी, लॉक काढून, माझं नाव खोडून टेलिग्रामवर फुकट फिरत होती. एका भाच्यानेच मला पाठवली, "मामा, ही बघ, भारी आहे." लॉक म्हणजे काय, तर सायकलला बांधलेली सुतळी. प्रामाणिक माणसाला अडते, बाकीच्यांना नाही.

तरी हळूहळू एकेचाळीस प्रती गेल्या. आठ हजार दोनशे रुपये. मग एके संध्याकाळी फोन.

"आवो, कोण बोलताय? माझ्या फोनवरनं तुमच्याकडं दोनशे रुपये गेल्यात."

"ताई, तुमच्या मुलाने गेमसाठी गाडी घेतलीय. एसटीची."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "एसटी? दोनशेला? आवो, दोनशेत खरी एसटी मला पुण्याला नेती की."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. पैसे लगेच परत केले. त्या दिवसापर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की माझं गिऱ्हाईक तेरा-चौदा वर्षांचं आहे आणि पाकीट त्याच्या आईचं आहे.

खरा दणका २०२० मध्ये बसला. लॉकडाऊन लागलेला, सगळे घरात, सगळे गेमवर, आणि गेमची १.३७ आवृत्ती आली. तिच्यात आवाजाची सगळी यंत्रणाच बदलली, एफमॉड नावाच्या नव्या पद्धतीवर गेली. जुन्या मॉडमधले आवाज बंद. माझी हिरकणी मुकी झाली. ना इंजिन, ना हॉर्न. फुकट मॉड असता तर मी लिहिलं असतं, "सवड मिळाली की करतो." पण एकेचाळीस लोकांनी पैसे दिले होते. (चाळीस. एकीचे परत केले होते.) रोज मेसेज. "दादा कधी?" "पैसे घेतलेत ना?" एकाने तर मला 'फ्रॉड' म्हणून ग्रुपवर टाकलं. नवी पद्धत शिकून आवाज पुन्हा बसवायला अकरा रात्री गेल्या. तेव्हा कळलं की मी गाडी विकली नव्हती, गाडी आणि तिची जन्मभराची दुरुस्ती दोनशे रुपयांत विकली होती. या गेमची नवी आवृत्ती वर्षातून तीन-चारदा येतेच, आणि दर वेळी काहीतरी मोडतं.

त्याच सुमारास ब्राझीलमधल्या एका मॉडरचा मेल आला. हिरकणीचं स्टिअरिंग त्याचं होतं. 'नंतर स्वतःचं बनवू' म्हणून मी तात्पुरतं घातलं होतं, आणि तात्पुरतं म्हणजे काय असतं ते तुला माहीत आहे. शिवीगाळ काही नव्हती. एवढंच लिहिलं होतं की मी हे वाटायला दिलं होतं, विकायला नाही, जमलं तर काढा. मी स्टिअरिंग काढलं, हिरकणी सगळ्यांना फुकट केली, ज्यांनी मागितले त्यांचे पैसे परत दिले. उरले साधारण पाच हजार. तासाचा हिशेब काढला तर गवंड्याच्या हाताखालच्या माणसाचीही मजुरी पडली नाही.

म्हणून त्यानंतर मी फाइलीची किंमत ठेवणं बंद केलं. पैसे घेणं बंद केलं नाही.

सगळ्यात सोपा मार्ग ऐच्छिक देणगीचा. गाडी सगळ्यांना फुकट, वर्णनात क्यूआर आणि एक ओळ: 'आवडली तर चहा पाजा.' इथे एकच पथ्य, पैसे दिले काय न दिले काय, फाइल तीच मिळाली पाहिजे. 'देणगी' म्हणून शंभर रुपये दिल्यावरच लिंक मिळत असेल तर ती विक्रीच झाली, नाव काहीही ठेव. हिरकणी फुकट केल्यावर पुढच्या वर्षभरात चहापाण्याचे साडेअकरा हजार जमले, म्हणजे विकून मिळाले त्याहून जास्त. एकाने तर पाच रुपये पाठवून लिहिलं, "कटिंग." तुला तेवढेच मिळतील असं नाही, हिरकणीचं लोकांना वेड आहे. मॉड ठेवायच्या काही जागाही आता करणाऱ्याला थोडंफार देतात. नेक्सस मॉड्सवर २०१८ पासून डाउनलोडच्या प्रमाणात गुण मिळतात, ते पैशात बदलता येतात.

दुसरा मार्ग मला आवडतो तो प्रोमॉड्सवाल्यांचा. याच गेमचा त्यांचा अवाढव्य नकाशा आहे, तो फुकट आहे. फक्त भराभर उतरवायचा असेल तर थोडे पैसे भरा, नाहीतर सावकाश घ्या. म्हणजे पैसे सर्व्हरच्या खर्चाचे. तुझ्या एका बससाठी याचा उपयोग नाही, पण पैसे कशाचे घेतो ते स्वच्छ सांगायची त्यांची रीत उचलण्यासारखी आहे.

आणि तिसरा, माझ्या मते तुझ्यासाठी खरा, म्हणजे सांगून करून घेतलेलं काम. मागच्या वर्षी वाईचे एक ट्रॅव्हल्सवाले माझ्याकडे आले. मुलगा दिवसभर हा गेम खेळतो, त्याच्या वाढदिवसाला आपलीच गाडी त्यात दिसली पाहिजे. मी आधीच फुकट वाटलेल्या माझ्या बसवर त्यांच्या गाडीची रंगसंगती बसवली, दारावर मुलाच्या आजोबांचं नाव, मागे 'आईचा आशीर्वाद'. दोन दिवसांचे पंधराशे घेतले, निम्मे आधी. नाव त्यांचं, गाडी त्यांची, त्यामुळे परवानगीचा प्रश्न तिथेच मिटला. हे पैसे माझ्या दोन दिवसांचे होते. फाइल नंतर कुणी वाटली तरी माझं काही जात नाही, आणि नव्या आवृत्तीत मोडली तर दुरुस्तीचे वेगळे, हे आधीच बोललो होतो. काही परवाने 'व्यापारी वापर' शब्द इतका सैल ठेवतात की हेही त्यात ओढता येईल, म्हणून तो परिच्छेद नीट वाच. पण माझ्या नजरेत बांधलेली फाइल विकणं आणि हाताच्या कामाचे पैसे घेणं यात गल्ला आणि मजुरीएवढा फरक आहे.

अशा कामात एक गोष्ट लेखी घे, नुसती व्हॉट्सॲपवर नको, ईमेलवर किंवा सहीच्या चिठ्ठीवर. मॉडेल कुणाचं? आपल्या कायद्यात तू कुणाचा पगारी नोकर नसशील तर अशा कामाचा पहिला मालक सहसा तूच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं कलम १९ धरून चालतं. "पैसे दिले, आता सगळं आमचं" असं कुणी म्हणालं तर हे माहीत असलेलं बरं.

आणि एक रस्ता गेमच्या बाहेरून जातो. तुझी बॉडी तू शून्यातून काढली आहेस. लोगो काढ, गेममधून उचललेले भाग काढ, नुसतं बसचं मॉडेल थ्रीडीच्या दुकानांवर विकायला ठेव. तिथे ते कुणाच्या गेमला टेकलेलं नाही, त्यामुळे गेमच्या परवान्याचा संबंधच उरत नाही. जाहिरातवाले, वॉकथ्रूवाले घेतात. मीही घेतो. गेल्याच महिन्यात एका प्रोजेक्टच्या गेटसमोर उभी करायला मला एसटी हवी होती, आणि चांगली मिळाली नाही.

वय सतरा, बरोबर? मग सध्या तुझा कुठलाही करार कायद्याने करारच नाही, १८७२ च्या कायद्याप्रमाणे अज्ञानाचा, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्याचा, करार रद्दबातल. खातं वडिलांचं असेल तर पैसे त्यांच्या नावावर दिसणार, त्यांना आधी सांग. बाहेरच्या देशातून पैसे येणार असतील तर पेपॅल चालतं, पण भारतातल्या भारतात ते १ एप्रिल २०२१ पासून बंद आहे, इथे यूपीआयच. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला वीस लाखांच्या पुढे, तो दिवस आला की मला जेवायला बोलव. प्राप्तिकराचं वडिलांच्या सीएला विचार. पुरे.

तू अजून एक विचारलं होतंस, पैसे घेणं चुकीचं असतं का. जुने लोक म्हणतात मॉड म्हणजे प्रेम, प्रेमाचे पैसे घेतात का. हे म्हणणाऱ्यांतले निम्मे स्वतः काही बनवत नाहीत, नुसते 'अपडेट कधी' विचारतात. मिरजेत तंबोरे करणारेही त्यात जीव ओततात, आणि पैसे घेतात. प्रेम आणि पैसा यांचं वैर आहे असं मला कधी वाटलं नाही. काउंटर-स्ट्राइक हा गेम १९९९ मध्ये व्हॉल्व्हच्या 'हाफ-लाइफ' या गेमचा फुकट मॉड म्हणूनच आला. दोघांनी सुरू केला, व्हॉल्व्हने पुढच्याच वर्षी विकत घेतला आणि त्या दोघांना कामावर घेतलं. तुझं असं होईल असं सांगत नाही, ती लॉटरी आहे. पण त्यात पैसे पुढच्या दाराने आले, मालकाशी बोलून. कुणाची चाकं उचलून नव्हे.

आता काम. टायरवरची सही ज्याची आहे त्याला शोध, तीन अक्षरं टाकून मॉडच्या ठिकाणी शोधलंस तर सापडेल, आणि सरळ विचार. बहुतेक जण फुकट गाडीसाठी हो म्हणतात. डॅशबोर्ड मात्र स्वतः कर. सातारा-कोरेगाव गाडीत पुढच्या सीटवर बस, ड्रायव्हरकाकांना विचारून फोटो काढ, हॉर्न आणि घंटी मोबाइलवर टिपून घे. गाडी थांब्यावर उभी असताना टिप, नाहीतर पुन्हा कुणीतरी "सरक की" म्हणेल. परीक्षा झाली की गाडी फुकट सोड, खाली क्यूआर लाव, आणि 'तुमच्या गाडीची रंगसंगती करून मिळेल' अशी ओळ टाक. पहिलं काम मीच देतो, त्या गेटसमोरच्या एसटीचं, बिनलोगोचं. दर तू सांग.

आणि नंबर बदल. गाडीवर तू एमएच-२० बीएल टाकलायस, ती मालिका चिकलठाण्याच्या कार्यशाळेच्या गाड्यांची. आतल्या पट्टीवर मात्र 'मध्यवर्ती कार्यशाळा, दापोडी' लिहिलंस. दापोडीची करायची तर एमएच-१४ बीटी हवं. एसटीवेडी पोरं शिडीची बोटभर चूक एक वेळ माफ करतील, ही नाही करणार.